नऊ सकाळी मी सूर्य पाहिला नाही

जे तुम्ही पाहिलंच नाही, त्याच्यापुढे 'इथे काही नव्हतं' असं तुम्ही शेवटचं कधी लिहून दिलंत?

प्रश्न हे पान वाचणाऱ्या प्रत्येकाला आहे. उत्तर मात्र आधी मी देणार आहे, आणि ते दामूकाकाला देणार आहे. दामूकाका आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. निवृत्त झाल्यावर मिठागराच्या कडेला असलेल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून तो रोज सकाळी सूर्यावरचे डाग कागदावर उतरवायचा. तीन आठवड्यांपूर्वी तो गेला. जन्म कधीचा, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण, हे ज्यांना हवं त्यांनी नाक्यावरच्या फलकावर वाचावं. मला त्याच्याशी बोलायचं आहे. तुम्ही ऐका.

काका, तुझ्याच ओट्यावर बसून लिहितेय. दुर्बीण लावली आहे. शाळेने भंगारात काढलेली, तू सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून पुन्हा उभी केलेली. तिच्या मागे चहाच्या खोक्याचा अंधारा डबा, डब्यात पांढरा कागद, कागदावर काकीच्या वाटीभोवती पेन्सिल फिरवून काढलेलं वर्तुळ. सूर्य त्या वर्तुळात नेमका बसला. एकही डाग नाही. मी मोठ्याने म्हटलं, "कोरा." आणि थांबले.

यावर तू "लिहिलं" म्हणायचास. एकाने बघायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, हा तुझा नियम. बघणाऱ्याच्या हातात पेन्सिल नको, नाहीतर त्याला जे हवं असतं ते तो काढतो. आता बघणारी मी आणि लिहिणारीही मीच. आत सुमनकाकी भांडी घासत होती, तो आवाज थांबला. तिनेही ऐकलं असणार. थोड्या वेळाने भांडी पुन्हा वाजू लागली आणि मी वहीत लिहिलं.

तुझी माझी ओळख मिठाने झाली. मी नववीत होते. तू बर्नरच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकलंस आणि ज्योत पिवळीधमक झाली. सगळा वर्ग "ओऽ" म्हणाला. मी हात वर करून विचारलं, "सर, हे कुठलं मीठ? दुकानातलं की मिठागरातलं? आणि मिठागरात राबणाऱ्यांना काय मिळतं?" बाई कपाळाला हात लावून बसल्या. तू हसलास. "कोन गं ही पुढारी?" तेव्हापासून मी तुझ्यासाठी पुढारीच राहिले. शुभा हे नाव तू फक्त रागावल्यावर घ्यायचास. आणि पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी "तुम्ही" म्हणाले, तर तू ओट्यावरूनच ओरडलास, "आमच्यात काकाला तू म्हनतात. तुम्ही म्हनायला मी काय मामलेदार हाय?"

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मला अक्षरओळख झाली ती 'कामगार बंधूंनो' या शब्दांनी. आमच्या नालासोपाऱ्याच्या खोलीत कपाटाच्या फळ्यांवर जुनी पत्रकं अंथरलेली असायची. डाळीचा डबा उचलला की खाली मागणी क्रमांक चार. बाबा सांगायचे, पत्रकात 'कदाचित' घातलास तर लोक त्यात भेळ खातील. मी ते मनावर घेतलं. कॉलेजात गेल्यावर मी माझं स्वतःचं एकपानी पत्रक काढू लागले. गंडेदोरे, बुवा, टँकर, जो समोर येईल त्याच्यावर. आणि तू मला रोज सकाळी ज्या वहीसमोर बसवायचास, त्या वहीत दर चार पानांमागे एकदा लिहिलेलं असायचं: 'ढग. पाहिलं नाही.'

पावसाळ्यात तर सलग महिनाभर तेच. मी एकदा म्हटलं, "काका, काल डाग इथे होता. सूर्य फिरतो, म्हणजे आज तो इथे असणार. काढून टाकू?"

"तू बघितलास?"

"नाही, पण..."

"मंग लिही. पाहिलं नाही."

"अरे पण असणारच ना!"

"असंल. तो त्याच्या जागी असंल. आपल्या वहीत नाय."

शुक्र सूर्यासमोरून गेला तो दिवस आठवतो? दोन हजार चारचा जून. तुला उघडं आकाश हवं होतं म्हणून आपण कळंबला गेलो. डबा सायकलच्या कॅरिअरला, दुर्बीण माझ्या मांडीवर, तू घामाघूम. किनाऱ्यावर आपण मांडामांड केली तेव्हा सुट्टीला आलेली माणसं बाजूने निघून गेली. थांबली ती डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण. तिने पाटी खाली ठेवली आणि डब्यात डोकं घातलं.

"ह्यो काळा ठिपका?"

"हां. शुक्र."

"एवढासा? ह्याच्यासाठी धंदा सोडून उभी मी?"

"एवढासाच हाय तो. जवळ आलाय म्हनून एवढा तरी दिसतो."

"माशी तर बसली नाय ना कागदावर?" असं म्हणून तिने खरंच बोटाने ठिपका झटकला. तो हलला नाही. तेव्हा मात्र ती मावशी दोन ढग येऊन जाईपर्यंत तिथेच बसली. जाताना तुझ्या हातावर मूठभर जवळा ठेवून गेली. तू मला म्हणालास, "तिनं झटकून बघितलं. तुझ्या कॉलेजातल्या किती जनी झटकतील?"

त्याच संध्याकाळी तू मला सांगितलंस की दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रहही असेच पकडतात. तारा इतका लांब, की ठिपका दिसतच नाही. फक्त ताऱ्याचा उजेड थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो. ग्रहाला हवा असेल तर ताऱ्याचा थोडासा उजेड त्या हवेतून गाळून येतो. हवेतला एकेक वायू आपापल्या रंगाचा उजेड गिळतो. ज्या रंगाचा उजेड गिळला गेला, त्या रंगात ग्रह किंचित मोठा वाटतो. बस, एवढ्यावरून त्या हवेत काय आहे हे ओळखायचं. अशा ग्रहाच्या हवेत पहिल्यांदा ओळखलं गेलं ते सोडियम. तू मांडीवर थाप मारलीस. "म्हनजे आपल्या मिठातलंच की गं! तोच पिवळा!" मिठागरातल्या माणसाला एवढ्या लांबून कोणी हाक मारली असावी, असा तुझा चेहरा झाला होता.

मग आपली सवयच झाली. मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन इंग्रजी लेख छापून आणायचे, मोठ्याने वाचायचे. तू शब्दकोश मांडीवर घेऊन मला मध्येच अडवायचास. एक दिवस बातमी आली की एका ग्रहाच्या हवेत पाण्याची वाफ असावी. मी उडालेच. माझं पत्रक मला तिथेच डोळ्यांसमोर दिसलं. तेव्हा आमच्याकडे टँकर रोज गावच्या विहिरी उपसत होते, आणि चौथ्या मजल्यावरच्या बायका कळशी घेऊन जिना चढत होत्या. मला हवा होता तो मथळा आकाशातून पडला होता.

तू उठलास. शाळेतून आणलेला गोल दुधी बल्ब लावलास. त्याच्या एका अंगाला खाकी कागदाची ठिगळं चिकटवलीस. समोर उजेड मोजणारी सुई ठेवलीस. मग धाग्याला बांधलेला एक मणी बल्बपुढून सरकवलास, ठिगळं नव्हती त्या बाजूने. सुई उतरली.

"सांग, केवढा मनी?"

मी गुणाकार-भागाकार करून सांगितलं. तू ठिगळं काढून टाकलीस. तोच मणी, तोच धागा, तीच वाट. या वेळी मणी लहान निघाला.

"आता? मनी आकसला काय?"

मी सुईकडे बघत बसले.

"दिवा मळका होता, पुढारी. मनी उभा राहिला चांगल्या जागेपुढं, तिथला भरपूर उजेड अडवला. आनि आपन भागलं कशानं? सगळ्या दिव्याच्या मळक्या उजेडानं. मनी मोठा वाटनारच."

मग ठिगळं परत चिकटवून तू सुईपुढे निळा जिलेटिन कागद धरलास, आणि मणी आणखी मोठा झाला. तांबडा धरलास, तेव्हा कमी. खाकी कागद निळा उजेड जास्त अडवतो, तांबडा कमी. ताऱ्यावरचे डागही तसेच. "बघ, रंग बदलला की मन्याचं माप बदलतं. कोनी म्हनेल, मन्याभोवती हवा हाय. मन्याला कुठली हवा? आपन मोजतोय मनी, आनि सुई सांगतेय दिव्याचं."

शेवटी तू कपाटातून एक जुनं कात्रण काढलंस. सूर्यावरच्या गडद डागांत, जिथे सूर्य त्यातल्या त्यात थंड असतो, तिथे पाण्याची वाफ सापडली होती. सूर्यावर! माझा विश्वास बसेना. "सूर्यावर असू शकते, तर त्या ताऱ्यावर का नाय? ग्रह गेला स्वच्छ पट्ट्यावरनं. डाग राह्यले बाजूला, ते आपल्याला दिसत पन नायत. त्या डागांतलं पानी आपन ग्रहाच्या नावावर लावलं तर?"

मला समजलं होतं, काका. हे आज कबूल करते. त्या दिवशी मला सगळं समजलं होतं.

तू एक ओळ लिहून दिलीस. एकच. पत्रकात घाल म्हणालास. मी घातली नाही. 'पाणी सापडलं!' असा मथळा, खाली 'दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहावर. आमच्या नळाला कधी?' पाचशे प्रती छापल्या आणि गठ्ठा घेऊन ऐटीत तुझ्याकडे आले.

तू पुढून वाचलंस, मागून वाचलंस. "माझी ओळ कुठाय?"

"बसली नाही."

"जागा तर हाय की खाली. बोटभर."

"जागेचं नाही रे. जोराचं आहे. सगळं पत्रक 'सापडलं' या शब्दावर उभं आहे. खाली 'असंही असू शकतं' म्हटलं तर टँकरवाले हसतील आपल्याला."

"मंग टँकरचं लिही ना! विहिरीत दोरी सोडून तू स्वतः मोजलंयस. ते काय कमी हाय? त्याला परक्या ग्रहाचं पानी कशाला जोडतेस?"

"कारण लोक ते वाचतात."

"पोपटवाला जोतिषी पन हेच म्हनतो."

मला झोंबलं. आणि मी म्हणाले ते वाक्य इथे जसंच्या तसं लिहिते, कारण ते माझ्याच तोंडचं आहे: "तू जन्मभर कपाटाच्या चाव्या सांभाळल्यास काका. रस्त्यावर कधी उतरला नाहीस. तुला काय कळणार?"

तू चष्मा काढलास, शर्टाच्या टोकाने पुसलास. "हां," म्हणालास. "चाव्याच सांभाळल्या." मग हात पुढे केलास. "दे. पंचवीस दे. वाटतो मी."

मी पंचवीस मोजून दिल्या आणि निघाले. मला वाटलं, मी जिंकले.

महिन्याभरात तुला दम लागू लागला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. खाटेवरून तू वही माझ्या हातात दिलीस. "सूर्य चुकवू नको." अठरा दिवस तू तिथे होतास. त्यातल्या नऊ सकाळी मी ओट्यावर पोचलेच नाही. काही दिवस टँकरच्या मोर्चाची धावपळ होती. काही दिवस मला कंटाळा आला होता. मोर्चाचं कारण त्या दिवसांना लावणार नाही. दोन हजार आठ-नऊच्या या काळात सूर्य आठवडेच्या आठवडे कोराच असायचा. रोज जाऊन न दिसणारं काय बघायचं? मी घरी बसून वाटीभोवती पेन्सिल फिरवली, नऊ वर्तुळं काढली आणि प्रत्येकाखाली लिहिलं, 'कोरा'. वेळ टाकायची असते म्हणून वेळही टाकली. नऊच्या नऊ ठिकाणी साडेआठ.

'कोरा' म्हणजे पाहिलं आणि डाग नव्हता. 'पाहिलं नाही' म्हणजे पाहिलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यासाठी तू अकरा वर्षं त्या ओट्यावर बसलास. मी अठरा दिवसांत त्या एक करून टाकल्या.

वही तू खाटेवर पडल्या पडल्या चाळलीस. नाकाला नळी होती, बोट प्रत्येक वर्तुळावरून फिरत होतं. "सगळे कोरे. झोपलाय वाटतं सूर्य." मग बोट थांबलं. "एवढे दिवस साडेआठ?"

"हो."

"पुढारी, तू आजवर कुठं साडेआठला पोचलीस गं?"

तू हसलास. हसता हसता खोकला आला, नर्स आली, वही उशाखाली गेली. मी म्हटलं, "झोप आता." तिसऱ्या दिवशी पहाटे तू गेलास.

तुला कळलं होतं का? हे मी रोज विचारते. ओट्याला विचारते, दुर्बिणीला विचारते, काकीला विचारायची हिंमत होत नाही. कळलं असेल तर तू मला रागावायला हवं होतंस. शुभा म्हणून हाक मारायला हवी होती. नुसतं हसून तू मला हिच्याबरोबर, या वहीबरोबर, एकटीला सोडून गेलास. मोर्चाला माझ्यामागे दोनशे माणसं होती, काका. सगळ्यांशी मी बोलू शकते. हे एवढं कोणाशीच बोलता येत नाही.

जगात सूर्य रोज पाहणारे खूप आहेत. त्या नऊ दिवसांत एखादा बारका डाग उगवून मावळला का, हे मला कधीतरी त्यांच्याकडून कळेल. पण ते तुझ्या वहीत लिहिता येणार नाही. तुझ्या वहीत या ओट्यावरून पाहिलेलंच लिहिलं जातं.

आता राहिलेली गोष्ट. ती मला तुझ्या बाराव्याला कळली. निर्मळला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे ना, त्यातला पास्कू आला होता. दाराशी मला गाठून म्हणाला, "तुझं ते पाण्याचं पत्रक अजून दुकानात लावलंय हां. काकानेच आणून दिलं. पण मला सांग, खाली ती ओळ हाताने का लिहिलीय? छापायला विसरलीस?"

मला काही कळेना. तो म्हणाला, देवळासमोरच्या फुलवाल्याकडे आहे, त्यावरही आहे. मी काकीकडे पाहिलं. तिने पदराने नाक पुसलं.

"पंचवीसच्या पंचवीस लिवली त्यांनी," ती म्हणाली. "दोन दिवस बसले होते. बोटं दुखायची तर मधे मधे थांबत. मी म्हटलं, पोरीला सांगा, ती छापून देल. तर म्हनाले, ती नाय छापनार. मी म्हटलं, मंग वाटूच नका. तर माझ्यावरच डाफरले. म्हनाले, पोरीचं पत्रक हाय, वाटायला तर पायजेच. पन अर्धं नाय वाटनार."

मी दुसऱ्या दिवशी निर्मळला गेले. पास्कूच्या दुकानात, ट्यूब लटकवलेल्या दोरीच्या मागे माझा मथळा होता आणि खाली, त्या बोटभर जागेत, तुझं वाकडं अक्षर. उद्गारचिन्ह नव्हतं. मी पुष्कळ वेळ तिथे उभी राहिले. पास्कूने स्टूल पुढे सरकवलं आणि परत चाकात तारा घालू लागला.

काका, मी नऊ वर्तुळांखालचा 'कोरा' खोडलाय. खोडलेलं दिसेल असं खोडलंय, रबर वापरलेलं नाही. पुढे लिहिलंय, 'पाहिलं नाही', आणि माझी सही केली आहे. साडेआठही खोडलेत. चाव्यांबद्दल जे बोलले ते मात्र खोडता येत नाही. ते तसंच राहील. तू सांभाळल्यास त्या चाव्यांतली एक, ही वही, माझ्याकडे आली आहे, एवढंच तुला सांगायचं होतं. मी रस्त्यावरही उतरणार आहे. टँकरचं पत्रक नव्याने काढतेय, त्यात फक्त विहिरी आहेत, आणि दोरीने मोजलेलं पाणी.

आणि आता तुम्ही, वाचणाऱ्यांनो. 'पाणी सापडलं!' ही पत्रकं मी पाचशे छापली. पंचवीस काकाने दुरुस्त केली. बाकीची तुमच्याकडे आहेत: वाचनालयाच्या फाइलीत, दुकानांच्या भिंतींवर, कपाटाच्या फळीवर डाळीच्या डब्याखाली. ती शोधा. फाडू नका, फेकू नका. पेन घ्या. खाली बोटभर जागा आहे. तिच्यात तुमच्या स्वतःच्या अक्षरात दामूकाकाची ओळ लिहा:

ताऱ्यावर डाग असतील, तर हे पाणी त्या डागांतलंही असू शकतं.

आणि पेन खाली ठेवताना, शेजारी कोणी असो वा नसो, एकदा मोठ्याने म्हणा, "लिहिलं."